हुंडीची पेठ आणि संगणकाचा सौदा

वाराणसीच्या दुर्गाघाटावरील एखादे जुने मराठी घर डोळ्यांसमोर आणा. चार पिढ्यांपूर्वी कोकणातून काशीला येऊन स्थायिक झालेले कुटुंब. सकाळचे साडेनऊ वाजले आहेत. आई पूजा आटोपून स्वयंपाकघरात गेली आहे. वडील वर्तमानपत्र चाळीत बसले आहेत आणि खिडकीजवळच्या टेबलावर मुलाचा लॅपटॉप सुरू आहे. मुलगा इंजिनीअर. नोकरी सांभाळून, रात्री जागून त्याने शेअर खरेदी-विक्रीचा एक प्रोग्रॅम तयार केला आहे. ठरवलेला भाव आला की हा प्रोग्रॅम कोणालाही न विचारता थेट ब्रोकरच्या संगणकाकडे ऑर्डर पाठवतो.

ब्रोकरकडील खात्यात दोन लाख रुपये आहेत. त्यातले पन्नास हजार मुलाच्या स्वतःच्या बचतीचे. उरलेले दीड लाख गच्चीच्या दुरुस्तीचे. दर पावसाळ्यात गळणारी गच्ची यंदा दिवाळीनंतर नक्की करून घ्यायची, असे घरात ठरले आहे.

भाव येतो. २५० रुपयांना २०० शेअर, म्हणजे बरोबर पन्नास हजारांची ऑर्डर निघते. त्याच क्षणी वीज जाते. इन्व्हर्टरवर पंखा फिरत राहतो, पण इंटरनेटचा डबा विझतो. पडद्यावर एवढेच उमटते : 'उत्तर आले नाही.'

"गेली का नाही मग ऑर्डर?" वडील विचारतात.

"तेच तर कळत नाही, बाबा."

"मग पुन्हा पाठव ना! त्यात काय एवढं?"

हे घर कल्पनेतले आहे. पण प्रश्न अगदी खरा आहे. आपला स्वतःचा प्रोग्रॅम ब्रोकरच्या सर्व्हरला जोडणाऱ्या प्रत्येकासमोर तो आज ना उद्या उभा राहतोच. पहिली ऑर्डर पोहोचली नसेल तर पुन्हा पाठवायलाच हवी. ती पोहोचली असेल आणि पुन्हा पाठवली, तर गच्चीच्या पैशांतले पन्नास हजार नकळत शेअरमध्ये अडकणार. प्रोग्रॅमने परस्परच आणखी दोनदा प्रयत्न केला, तर गच्चीच्या वाट्याला फक्त पन्नास हजार उरणार!

चौकातल्या पेढ्या

गंमत अशी, की हा प्रश्न काशीला नवा नाही. दुर्गाघाटापासून चालत जाण्याच्या अंतरावर चौक आणि चौखंबा हे भाग आहेत. तेथील सावकारांच्या पेढ्या अठराव्या शतकात देशभर प्रसिद्ध होत्या. गोपालदास साहू यांच्या पेढीची हुंडी पार सुरत-मुंबईपर्यंत चालत असे आणि ईस्ट इंडिया कंपनीलाही आपला पैसा एका मुलखातून दुसऱ्या मुलखात हलवण्यासाठी या पेढीची मदत घ्यावी लागे. महाराष्ट्रातून काशीयात्रेला निघालेल्या माणसाला रोकड बरोबर बाळगणे धोक्याचे होते. त्यापेक्षा गावच्या सावकाराकडे पैसे भरून हुंडी घ्यायची आणि काशीला ती वटवायची, ही सोय मोठी होती.

हुंडी म्हणजे काय? एका सावकाराने दूरच्या दुसऱ्या सावकाराला दिलेली लेखी ऑर्डरच. 'अमक्याला इतके रुपये द्यावेत.' ही ऑर्डर नदीनाले, जंगले आणि चोर-दरोडेखोर यांच्यातून वाट काढीत जाई. ती वाटेत हरवली तर? हुंडी हरवली, की तिचे पैसे कोणी उचलले हे लगेच कळण्याचा मार्ग नव्हता. म्हणजे दुर्गाघाटावरच्या मुलापुढे जो पेच आहे, तोच!

सावकारांनी त्यावर एक साधा तोडगा काढला होता. हुंडी हरवल्यास लिहून देणारा तिची दुसरी प्रत देई. या प्रतीला 'पेठ' म्हणत. ही पेठ म्हणजे पुण्याची सदाशिव किंवा शनिवार पेठ नव्हे! पेठेत मूळ हुंडीचा सगळा तपशील असे आणि मूळ हुंडीचे पैसे दिले गेले नसतील तरच या प्रतीवर पैसे द्यावेत, असा तिचा अर्थ असे. पेठही हरवली तर तिसरी प्रत म्हणजे 'परपेठ'. आणि पैसे चुकते झालेली हुंडी 'खोखा' म्हणून वेगळी काढून ठेवीत. तिचे काम संपले, ती पुन्हा चालायची नाही.

थोडक्यात, दुसरी ऑर्डर ही दुसरी म्हणून ओळखू आली पाहिजे आणि पैसे देण्यापूर्वी वही पाहिली पाहिजे. हे दोन नियम पाळले, की कागद तीनदा फिरला तरी पैसे एकदाच जात. संगणकाच्या सौद्यातही सुरक्षिततेचे मर्म याच दोन नियमांत आहे. ते कसे, हे पाहण्यापूर्वी ही तार जोडली कशी जाते, ते समजून घेऊ.

माणूस बाजूला झाला तो असा

एके काळी शेअर घ्यायचे म्हणजे ब्रोकरला फोन करायचा, त्याचा माणूस बाजारात ओरडून सौदा करायचा आणि संध्याकाळी कळायचे की शेअर मिळाले किंवा नाही. ३ नोव्हेंबर १९९४ रोजी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने शेअरचे व्यवहार संगणकाच्या पडद्यावर सुरू केले. उपग्रहाच्या छत्र्यांमुळे दूरच्या गावातील ब्रोकरही थेट मुंबईच्या यंत्रणेशी जोडला गेला. १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारही पडद्यावर आला. २००० साली सेबीने इंटरनेटवरून शेअर खरेदी-विक्रीला परवानगी दिली आणि ग्राहक घरबसल्या स्वतः बटण दाबू लागला. २००८ मध्ये मोठ्या गुंतवणूक संस्थांना ब्रोकरच्या यंत्रणेतून थेट बाजारात ऑर्डर टाकण्याची मुभा मिळाली. त्यानंतरच्या दशकात भारतातील ब्रोकरनी सामान्य ग्राहकांसाठीही तसे एक दार उघडले. त्याला एपीआय म्हणतात.

एपीआय म्हणजे दोन संगणकांनी एकमेकांशी कसे बोलायचे, याची ब्रोकरने ठरवून दिलेली पद्धत. बँकेत पैसे काढायची स्लिप ठरावीक नमुन्यातच भरावी लागते. कोऱ्या कागदावर पत्र लिहून चालत नाही. तसेच हे. शेअरचे नाव, संख्या, खरेदी की विक्री, कोणत्या भावाला, एवढे ठरलेल्या नमुन्यात पाठवले की ब्रोकरचा संगणक ते वाचतो. बटण दाबणारे बोटही आता बाजूला झाले. त्याच्या जागी ग्राहकाने लिहिलेली आज्ञावली आली.

अर्थात दार उघडे असले तरी त्याला कुलूप आहे. ब्रोकरकडे अर्ज केल्यावर ग्राहकाला दोन किल्ल्या मिळतात : एक ओळखीची, दुसरी गुप्त. त्याशिवाय रोज पासवर्ड आणि मोबाइलवर दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकडी क्रमांक द्यावा लागतो. मग त्या दिवसापुरता एक परवाना मिळतो. तो दुसऱ्या दिवशी चालत नाही. रोज सकाळी नवा घ्यावा लागतो.

ऑर्डर ब्रोकरकडे पोहोचली म्हणजे थेट बाजारात गेली, असेही नाही. खात्यात पुरेसे पैसे आहेत का, हा शेअर घेण्यास बंदी तर नाही ना, संख्या मर्यादेत आहे ना, हे ब्रोकरचा संगणक तपासतो आणि मगच ती पुढे एक्स्चेंजकडे पाठवतो. येथे नवशिके हमखास फसतात. ब्रोकरकडून लगेच एक ऑर्डर क्रमांक येतो आणि त्यांना वाटते, सौदा झाला. पण क्रमांक मिळाला याचा अर्थ एवढाच, की ऑर्डर ब्रोकरच्या हाती आली. ती पुढे नाकारली जाऊ शकते, भाव न आल्याने पडून राहू शकते किंवा २०० पैकी ८०च शेअर मिळू शकतात. रजिस्टर पत्राची पावती मिळाली म्हणून पत्र पोहोचले असे नसते, तसेच हे आहे.

माकडांनी खाल्लेली तार

आता पुन्हा त्या न आलेल्या उत्तराकडे वळू. तार का तुटते? कारणे शेकडो आहेत आणि वाराणसीत तर एक खास कारण आहे. एप्रिल २०१५ मध्ये बातमी आली होती, की गंगेच्या काठाने इंटरनेटसाठी टाकलेल्या फायबर केबल माकडांनी दोन महिन्यांच्या आत कुरतडून टाकल्या. मंदिरांच्या परिसरातली माकडे. त्यांना हटवायचे तरी कसे, असा पेच इंजिनीअर मंडळींना पडला होता. वाचणाऱ्यांना हसू आले. पण त्याच तारेवर कोणाची ऑर्डर चालली असती तर?

आणि दोष नेहमी आपल्याच टोकाला असतो असेही नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी तांत्रिक बिघाडामुळे नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचारला आणि त्या दिवशी बाजार संध्याकाळी पाचपर्यंत चालवावा लागला. मधल्या चार तासांत ज्यांचे सौदे अर्धवट राहिले होते, त्यांच्यापैकी अनेकांना वाट पाहत बसावे लागले.

म्हणूनच प्रोग्रॅम चांगला की वाईट, हे सगळे सुरळीत असताना कळत नाही. उत्तर आले नाही, तर तो काय करतो, यावरून ते कळते.

वाईट प्रोग्रॅम वडिलांसारखे म्हणतो, 'पुन्हा पाठव!' चांगला प्रोग्रॅम सावकारासारखे वागतो. ऑर्डर पाठवण्यापूर्वीच तो तिला स्वतःची एक खूण देतो आणि आपल्या वहीत लिहून ठेवतो. काही ब्रोकरच्या एपीआयमध्ये ऑर्डरसोबत अशी खूण जोडण्याची सोय असते. उत्तर आले नाही तर तो नवी ऑर्डर पाठवीत नाही. आधी ब्रोकरकडून दिवसभराच्या ऑर्डरींची यादी मागवतो, तीत आपली खूण शोधतो, किती शेअर मिळाले ते पाहतो. खूण सापडली, तर काम झाले. खूण नाही, तर थोडे थांबून पुन्हा यादी पाहायची. तरीही नाही, तरच दुसरी ऑर्डर. यादीच मिळत नसेल, तर हात जोडून स्वस्थ बसायचे आणि माणसाला हाक मारायची.

ही झाली पेठ. दुसरी ऑर्डर जाण्यापूर्वी पहिलीचा शोध.

याच्या जोडीला आणखी चार कुंपणे हवीत. एका ऑर्डरची कमाल रक्कम ठरलेली असावी. दिवसभराच्या एकूण ऑर्डरींची संख्या ठरलेली असावी. 'मिळेल त्या भावाला घे' असे न सांगता, 'इतक्या भावाच्या वर नको' असे सांगणारी ऑर्डर असावी. आणि सगळे एका झटक्यात बंद करणारे बटण घरातल्या दुसऱ्या माणसालाही माहीत असावे. पाचवे कुंपण सर्वांत सोपे आहे आणि त्यासाठी संगणकाचे ज्ञानही लागत नाही. प्रोग्रॅमच्या हाती जेवढे पैसे द्यायचे तेवढेच ब्रोकरच्या खात्यात ठेवायचे. गच्चीचे दीड लाख बँकेत असते, तर दुसरी ऑर्डर पैशांअभावी आपोआप नाकारली गेली असती.

पंचेचाळीस मिनिटांची किंमत

'आपण लहान माणसे. एवढी काळजी मोठ्या कंपन्यांनी करावी,' असे कोणाला वाटेल. पण मोठ्यांचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे.

१ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या बड्या कंपनीने आपला नवा प्रोग्रॅम सुरू केला. तो आठ सर्व्हरवर चढवायचा होता. एक सर्व्हर राहून गेला. त्या आठव्या सर्व्हरवर कित्येक वर्षांपूर्वी वापरातून गेलेला एक जुना भाग तसाच पडून होता आणि नव्या सूचनेने तो जागा झाला. सौदा पूर्ण झाला की थांबायचे असते, हे त्याला कळतच नव्हते. तो ऑर्डरमागून ऑर्डर पाठवत राहिला. ग्राहकांच्या केवळ २१२ ऑर्डरींपोटी सुमारे पंचेचाळीस मिनिटांत चाळीस लाखांहून अधिक सौदे झाले आणि कंपनीला चव्वेचाळीस कोटी डॉलरपेक्षा जास्त फटका बसला. त्याहून बोलके हे, की बाजार उघडण्यापूर्वीच यंत्रणेने धोक्याची सूचना देणाऱ्या ९७ ई-मेल पाठवल्या होत्या. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला आपल्याकडेही असाच दणका बसला. मुंबईतील एका ब्रोकर पेढीकडून सुमारे साडेसहाशे कोटी रुपयांच्या ५९ चुकीच्या ऑर्डरी बाजारात गेल्या. निफ्टी क्षणार्धात जवळजवळ साडेपंधरा टक्के कोसळला आणि व्यवहार पंधरा मिनिटे थांबले. ती चूक प्रोग्रॅमची नव्हती, माणसाची होती. तेव्हा यंत्र वाईट आणि माणूस शहाणा असा निवाडा करून चालणार नाही. दोन्ही ठिकाणी कमी पडले ते एकच : ऑर्डर सुटण्याआधी 'थांब, एवढी मोठी?' असे विचारणारे कोणीतरी.

घरचे कोण, बाहेरचे कोण?

आता नियमांकडे येऊ. ते प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावेत असे आहेत. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी सेबीने सामान्य गुंतवणूकदारांच्या अशा स्वयंचलित सौद्यांसाठी परिपत्रक काढले. अंमलबजावणीची मुदत काही वेळा वाढवण्यात आली आणि अखेर १ एप्रिल २०२६ पासून सर्व ब्रोकरना ही चौकट लागू करण्याचे ठरले.

पहिला नियम पत्त्याचा. ब्रोकरला जोडणाऱ्या संगणकाचा इंटरनेटवरील पत्ता कायमचा, न बदलणारा हवा आणि तो ब्रोकरकडे नोंदवलेला हवा. घरगुती इंटरनेटचा पत्ता सामान्यतः बदलत असतो, म्हणून इंटरनेट कंपनीकडून मुद्दाम कायमचा पत्ता मागून घ्यावा लागतो. काशीकरांना याचे महत्त्व सांगायला नको. तेथील गल्ल्यांत घराच्या क्रमांकाआधी अक्षरे असतात. चौक भागाला 'सीके', दशाश्वमेधाला 'डी'. क्रमांक नसेल तर पोस्टमननेही हात टेकावेत! कायमचा पत्ता असला, की चोरलेली किल्ली घेऊन दुसऱ्याच गावातून कोणी दार उघडू पाहील, तर ते उघडत नाही.

दुसरा नियम वेगाचा. एका एक्स्चेंजवर सेकंदाला दहापर्यंतच ऑर्डरी पाठवणाऱ्या ग्राहकाला आपला प्रोग्रॅम वेगळा नोंदवावा लागत नाही. त्यापेक्षा वेगाने पाठवायच्या असतील, तर ब्रोकरमार्फत एक्स्चेंजकडे नोंदणी हवी. यंत्राने पाठवलेल्या ऑर्डरींवर ओळख क्रमांकही असतो, म्हणजे पुढे काही घडले तर माग काढता येतो.

तिसरा नियम कुटुंबाचा. स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम स्वतःसाठी आणि कुटुंबासाठी वापरता येतो. पण कुटुंब म्हणजे कोण, हेही सांगितले आहे : स्वतः, पती किंवा पत्नी, अवलंबून असलेली मुले आणि अवलंबून असलेले आई-वडील. बस्स, एवढेच.

आपल्याकडे खरी अडचण येते ती येथेच. दुर्गाघाटावरच्या त्या मुलाला दोन महिने बरा नफा झाला, असे समजा. शेजारच्या काकू दुपारी चहाला आल्या, की आई कौतुकाने सांगणारच. मग काकू म्हणणार, "अरे, माझंही खातं जोडून दे की तुझ्या मशीनला. तुझे काका तर पैसे बँकेत नुसते कुजत ठेवतात!" मामा फोन करणार. नाही म्हणणे जिवावर येते. पण नाहीच म्हणावे लागते. काकू शेजारच्या असल्या तरी नियमाने बाहेरच्या आणि त्यांची किल्ली हाती घेणे म्हणजे त्यांच्या पुंजीची जबाबदारी घेणे. नफा झाला तर मुलगा हुशार. तोटा झाला तर दोन घरांचे येणे-जाणे बंद. "काकू, माझ्या पैशांवर मी शिकतोय अजून. तुमच्या पैशांवर नाही शिकणार," असे नम्रपणे सांगितलेले बरे.

चौथी गोष्ट तयार प्रोग्रॅम विकणाऱ्यांची. आपली रीत ग्राहकाला न उलगडणारा प्रोग्रॅम विकायचा, तर विकणाऱ्याला सेबीकडे रिसर्च अॅनालिस्ट म्हणून नोंदणी करावी लागते. प्रोग्रॅम पुरवणाऱ्यांची नावनोंदणी एक्स्चेंजकडेही लागते. सप्टेंबर २०२२ मध्येच सेबीने ब्रोकरना अशा प्रोग्रॅमच्या मागच्या किंवा पुढच्या नफ्याचे आकडे मिरवायला मनाई केली आहे. तेव्हा 'महिन्याला दहा टक्के नक्की, फक्त तुमची किल्ली आणि पासवर्ड पाठवा' असा निरोप मोबाइलवर आला, तर तो वाचून पुसून टाकावा. हुंडीच्या काळात 'शहाजोग' हुंडी असे. तिचे पैसे बाजारात पत असलेल्या माणसालाच मिळत, कारण उद्या घोटाळा झाला तर त्याला धरता येई. मोबाइलवरच्या अनोळखी नावाला कोठे धरणार?

पैसे मिळतात का?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्युचर्स आणि ऑप्शन्स या झटपट सौद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये. एकूण एक लाख ऐंशी हजार कोटींहून अधिक. २०२४-२५ मध्येही तोटा झालेल्यांचे प्रमाण सुमारे ९१ टक्के होते. नफा गेला कोठे? याच अभ्यासानुसार २०२३-२४ मध्ये परदेशी गुंतवणूक संस्थांच्या नफ्यातील ९७ टक्के आणि स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या पेढ्यांच्या नफ्यातील ९६ टक्के वाटा प्रोग्रॅमने केलेल्या सौद्यांचा होता.

हे वाचून 'मग आपणही प्रोग्रॅम करू' असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्यांच्या आणि घरच्या प्रोग्रॅममध्ये फरक आहे. मोठ्यांचे संगणक एक्स्चेंजच्या आवारातच ठेवलेले असतात. वाराणसी-मुंबई तार दीड हजार किलोमीटरची धरली, तर काचेच्या तंतूतून प्रकाशालाही तिकडे पोहोचायला साडेसात मिलिसेकंद लागतात. वाटेतले थांबे आणि ब्रोकरची तपासणी यांचा वेळ वेगळा. आवारातल्या संगणकाचे काम त्याच्या कितीतरी आधी झालेले असते. वेगाच्या शर्यतीत घरच्या लॅपटॉपने उतरणे म्हणजे मेल गाडीशी सायकलरिक्षाने स्पर्धा करणे आहे.

मग या साऱ्याचा उपयोग काय? आहे, पण तो साधा आहे. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला ठरावीक शेअर घेणे, ठरवलेल्या तोट्याच्या पुढे न जाता विकणे, रोजच्या सौद्यांची वही आपोआप लिहिणे, ही कामे प्रोग्रॅम चोख करतो. त्याला घबराट होत नाही, हावही सुटत नाही. मात्र ठरवायचे काय, हे माणसालाच ठरवावे लागते. ते चुकीचे ठरवले असेल, तर प्रोग्रॅम तेही तितक्याच चोखपणे करतो!

दुर्गाघाटावर वीस मिनिटांनी वीज येते. इंटरनेटच्या डब्यावरचे दिवे एकेक करून लागतात. मुलगा ऑर्डर पाठवीत नाही, आधी यादी उघडतो. खूण सापडते. ऑर्डर वीज जाण्यापूर्वीच पोहोचली होती. २०० शेअर, भाव २५० रुपये. सौदा पूर्ण.

"म्हणजे मी म्हटलं तसं पुन्हा पाठवली असतीस, तर?" वडील विचारतात.

"तर गच्चीचे पन्नास हजार गेले असते शेअरमध्ये."

वडील काही बोलत नाहीत. दुपारच्या जेवणानंतर ते मुलाकडून दोन गोष्टी करून घेतात. गच्चीचे दीड लाख बँकेच्या खात्यात परत मागवायला लावतात. आणि एका कागदावर ब्रोकरचा फोन नंबर आणि सगळे बंद कसे करायचे ते मोठ्या अक्षरांत लिहून तो टेबलामागच्या भिंतीवर चिकटवायला सांगतात. मुलगा ऑफिसात असताना घरी आईच असते. तिला चष्म्याशिवाय वाचता यावे, एवढी ती अक्षरे मोठी असतात.